मुलीचा कणा २८ डिग्री वाकडा. ऑपरेशनशिवाय काय काय करता येतं? (कोल्हापूर)

» राजारामपुरीची_आई

नमस्कार मंडळी. धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

मुलगी १२ वर्षांची, सातवीत. दिवाळीत परकर-पोलक्याचं माप द्यायला गेलो तेव्हा शिवणाऱ्या काकू म्हणाल्या, "हिचे दोन्ही खांदे एका रेषेत न्हाईत बघा, पोलकं एकीकडं ओढतंय." घरी येऊन नीट बघितलं तर उजवा खवाटा वर आलेला, कमरेची एक बाजू सरळसोट आणि दुसरीला खोल खाच. पुढं वाकायला लावलं की पाठीची उजवी बाजू चांगली दोन बोटं उंच दिसते. एवढे दिवस आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तिला दुखत काहीच नाही. खो-खो खेळते, पळते, सगळं व्यवस्थित.

हाडांच्या डॉक्टरांनी उभं करून पूर्ण कण्याचा एक्स-रे काढला. कॉब अँगल (एक्स-रेवर मोजलेला बाकाचा कोन) २८ डिग्री, बाक उजवीकडे, छातीच्या मणक्यांत. रिसर ०. पाळी अजून सुरू नाही. डॉक्टर म्हणाले ब्रेस (धडाभोवती बसणारं प्लॅस्टिकचं कडक कवच) लावायची, रोज १६ ते १८ तास, वाढ थांबेपर्यंत.

आता घरात जेवढी माणसं तेवढी मतं. सासूबाईंना मालीशवाला हवाय. धाकटे दीर म्हणतात अंबाई टँकला पोहायला घाला. मिस्टरांचं म्हणणं, एवढं वर्षानुवर्षं पट्टा बांधून ठेवण्यापेक्षा पुण्या-मुंबईला ऑपरेशन करून मोकळं व्हावं. आणि कन्येनं जाहीर केलंय की ती शाळेत असलं काही घालून जाणार नाही.

ब्रेसनं खरंच फरक पडतो का? व्यायामानं सरळ होतं का? आणि ती बनवून कुठं घ्यायची?

» तालमीचा_नाद

वैनी, घाबरायचं काय कारण न्हाई. आमच्या तालमीत असली पाठ वस्ताद मालीश करून मोकळी करत्यात. बारला लोंबकळू द्या, सूर्यनमस्कार घालाय लावा. पोरगी वाढतीया, आपोआप सरळ हुतंय. पट्ट्याबिट्ट्याच्या नादाला लागू नगा, त्यानं अंगातली ताकद जाती.

» मिरजेची_फिजिओ

ताई, दादांच्या मनात चांगलंच आहे, पण "वाढतेय म्हणजे सरळ होईल" हे नेमकं उलटं आहे. वाढतेय म्हणूनच बाक वाढायची भीती आहे.

हा बाक नुसता आडवा नसतो. मणके बाजूला कलतात आणि त्याच वेळी स्वतःभोवती फिरतात, ओला टॉवेल पिळताना होतो तसा प्रकार. छातीच्या मणक्यांना बरगड्या जोडलेल्या, त्या सोबत ओढल्या जातात आणि एका बाजूनं पाठ वर येते. तुम्ही वाकवून पाहिलंत ना, तीच तपासणी विल्यम अ‍ॅडम्स या इंग्रज सर्जननं १८६५ च्या सुमारास सांगितली आणि आजही पहिली तीच करतात. आम्ही वर स्कोलिओमीटर ठेवतो, गवंड्याच्या पाणसळीच्या तत्त्वावर चालणारं छोटंसं साधन. त्यात ७ डिग्री किंवा जास्त कल दिसला की एक्स-रेला पाठवतो. मालीशनं स्नायू सैल होतात, बरं वाटतं, पण मणक्यांचा पीळ सुटत नाही. बारला लोंबकळल्यावर सरळ दिसतं, खाली उतरलं की पहिल्यासारखं. आणि पाठीवर गुडघा टेकून 'कट' आवाज काढणाऱ्यांकडे पोरीला बिलकुल नेऊ नका.

तुमच्या रिपोर्टमध्ये २८ पेक्षा महत्त्वाचा आकडा रिसर ० आहे. एक्स-रेत कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेला हाड किती भरत आलंय त्यावरून ० ते ५ असा तो क्रम लावतात. ० म्हणजे वाढ भरपूर बाकी. त्यात पाळी सुरू नाही, म्हणजे उंचीचा जोराचा टप्पा आत्ता चालू आहे किंवा तोंडावर आहे. हाच २८ चा बाक १७ वर्षांच्या मुलीत असता तर मी म्हटलं असतं, व्यायाम करा आणि अधूनमधून दाखवा. १२ व्या वर्षी, रिसर ० ला, तसं म्हणता येत नाही.

ढोबळ हिशोब असा चालतो. १० डिग्रीच्या खाली स्कोलिओसिस (कण्याच्या अशा बाकाचं डॉक्टरी नाव) म्हणतच नाहीत. १० ते २५ मध्ये दर चार-सहा महिन्यांनी लक्ष ठेवायचं, व्यायाम शिकायचे. वाढत्या वयात २५ ते ४० ला ब्रेस. ४५-५० च्या पुढे सर्जनशी ऑपरेशनची चर्चा. २८ ला ऑपरेशन कुणी शहाणा सर्जन करणार नाही, मिस्टरांना सांगा. मणके एकमेकांना कायमचे जोडून टाकायचे असतात त्यात, तो शेवटचा उपाय.

आणि हो, दप्तर, वाकून मोबाईल बघणं, एका कुशीवर झोपणं, दूध न पिणं, यातल्या कशानंही हे होत नाही. तुमच्याकडून काही राहून गेलं असं मनात आणू नका. दर शंभर किशोरवयीन मुलांत दोन-तीन जणांना कमी-जास्त बाक असतो, बहुतेकांत कारण सापडत नाही. घराण्यात चालतो मात्र. धाकटं भावंड असेल तर त्यालाही वाकवून बघा.

» पांढरा_रस्सा

मालीशवाल्याकडं नेऊ नका एवढंच सांगतो. बाकीचं फिजिओताईंनी लिवलंय.

» आकडेमोड

थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नका. ब्रेसचा मोठा पुरावा म्हणून २०१३ चा अमेरिका-कॅनडातला ब्रेस्ट नावाचा अभ्यास दाखवतात. २४२ मुलं, वय १० ते १५, बाक २० ते ४० मधला. वाढ संपेपर्यंत बाक ५० च्या आत राहिला तर यश. ब्रेसवाल्यांत ७२ टक्के यश, नुसतं लक्ष ठेवलं त्यांच्यात ४८ टक्के. म्हणजे काहीही न घालता जवळपास निम्म्यांचं भागलं! आणि ब्रेस घालूनही चारातल्या एकाचा बाक ५० ला पोचलाच. मग मुलीला दोन-तीन वर्षं प्लॅस्टिकमध्ये डांबायचं की नाही, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही.

» मिरजेची_फिजिओ

@आकडेमोड, आकडे बरोबर आहेत, पण अर्धेच दिलेत. त्याच अभ्यासात ब्रेसमध्ये तापमान मोजणारा सेन्सर बसवला होता, त्यामुळे पोरं सांगतात किती आणि घालतात किती हे खरं कळलं. दिवसाला सरासरी १२.९ तासांच्या वर ज्यांनी घातली, त्यांच्यात यश ९० टक्क्यांच्या पुढं गेलं. सहा तासांच्या आत घालणाऱ्यांत आणि न घालणाऱ्यांत फरक जवळपास नाहीच. म्हणजे ७२ टक्क्यांत न घालणारी मुलंही मोजलेली आहेत. फरक इतका स्पष्ट दिसला की अभ्यास मुदतीआधी थांबवला, नुसतं लक्ष ठेवायच्या गटात मुलांना ठेवणं योग्य नाही म्हणून.

निम्म्यांचं आपोआप भागतं हे खरंच आहे. पण आपली पोरगी कुठल्या निम्म्यात, हे आज सांगता येत नाही. रिसर ० ला मी तरी पैज लावणार नाही.

» आकडेमोड

तासांचा मुद्दा मान्य. तरी एक सांगा, ब्रेसनं २८ चे १० होतात का? लोकांना ते वाटत असतं.

» मिरजेची_फिजिओ

नाही होत, आणि ते आधीच स्पष्ट सांगायला हवं. ब्रेसचं काम बाक आहे तिथं रोखून धरणं. काहींचा थोडा कमी होतो, तो वरचा बोनस. २८ वर सुरू करून १६ व्या वर्षी ३० वर थांबली तर आम्ही पेढे वाटतो. ३० च्या आत-बाहेर थांबलेला बाक पुढं आयुष्यात सहसा वाढत नाही, ५० च्या पुढचा मात्र वाढ संपल्यावरही वर्षाला अर्धा-एक डिग्री सरकत राहतो. सगळी धडपड त्या दोन आकड्यांच्या मधली आहे.

» साचा_आणि_पट्टा

पुण्यात ब्रेस बनवायच्या वर्कशॉपमध्ये काम करतो, मूळचा कागलचा. माहिती देतो, जाहिरात नाही.

पहिलं म्हणजे मेडिकलमध्ये आणि ऑनलाईन 'पोश्चर बेल्ट' म्हणून मिळतो तो खांदे मागं ओढणारा इलॅस्टिकचा पट्टा. त्याचा स्कोलिओसिसशी काही संबंध नाही. दर महिन्याला कुणीतरी तो घालून वर्ष वाया घालवून आमच्याकडं येतंय.

खरी ब्रेस मापाची असते. प्लॅस्टरच्या पट्ट्या गुंडाळून धडाचा साचा घेतात नाहीतर आता स्कॅनर फिरवतात. त्या साच्यावर एक्स-रे समोर ठेवून तासकाम करायचं, कुठं दाब हवा, कुठं जागा सोडायची. मग प्लॅस्टिकची शीट भट्टीत मऊ करून त्यावर ओढायची. बाक जिकडं फुगलाय तिकडून पॅड दाबतो, आणि त्याच्या समोरच्या बाजूला शरीराला सरकायला, श्वासानं फुगायला मोकळी जागा लागते. ब्रेस हातात घेऊन आत बघा. समोर पोकळी नसेल तर ते नुसतं टाईट डबडं आहे, पैसे देऊ नका.

नावं ऐकाल: मिलवॉकी ही १९४० च्या दशकातली, गळ्याभोवती कडं असलेली, आता क्वचितच. बोस्टन १९७० च्या दशकातली, काखेखालून. शेनो ही फ्रेंच डॉक्टरच्या नावाची, पिळावर जास्त काम करते. तिच्याही पुढच्या आवृत्त्या निघाल्यात. नावापेक्षा बनवणाऱ्याचा हात महत्त्वाचा. ब्रेस आल्यावर काही आठवड्यांनी ती घालून एक एक्स-रे काढतात. त्यात बाक निम्म्याच्या आसपास आलेला दिसला पाहिजे. हा एक्स-रे नकोच म्हणणाऱ्याकडून ब्रेस घेऊ नका.

कुठं करायची: मुंबईला हाजीअलीची केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, तिथं कृत्रिम अवयव आणि ब्रेस दोन्ही बनतात. रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये बसलं की सकाळी मुंबई. पुण्यातही बनवणारे आहेत. पण पोर वाढतंय तसं दर काही महिन्यांनी पॅड बदलणं, कडा घासणं, पट्टे सरकवणं लागणार, आणि वर्ष-दीड वर्षात बहुधा नवीच. तेव्हा नाव मोठं आणि गाव लांब, असं करू नका. बोलावल्यावर भेटणारा माणूस बघा. आधी कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या हाडांच्या ओपीडीत किंवा मिरजेत विचारून बघायला हरकत नाही, तिथले डॉक्टर कुणाकडं पाठवतात ते कळेल.

» राजारामपुरीची_आई

सगळ्यांचे आभार. फिजिओताई, तुमचा प्रतिसाद मिस्टरांना मोठ्यानं वाचून दाखवला. ऑपरेशनचा विषय सध्या मिटलाय. सासूबाईंचा नाही.

पण शाळेचं काय करू? ती हट्टाला पेटलीय.

» यंत्रमाग_९८

ताई, मी इचलकरंजीचा, आता इंजिनिअरिंगला आहे. नववीपासून बारावीपर्यंत ब्रेस घातलीय, म्हणून अधिकारवाणीनं बोलतो :)

शाळा ११ ते ५ असेल ना? मग हिशोब करा. खो-खोची प्रॅक्टिस धरून साडेसहाला घरी. साडेसहाला ब्रेस चढवली ती सकाळी साडेदहापर्यंत, हे झाले १६ तास. अंघोळ आणि व्यायामाचा एक तास वजा करा. १५ राहिले, तेही शाळेत न घालता! डॉक्टरांना विचारा, सुरुवात अशी चालेल का. माझ्या डॉक्टरांनी असंच चालवून घेतलं, वरून म्हणाले, "घालणारच नसलेल्या २२ तासांपेक्षा घातलेले १५ बरे." नंतर मीच शाळेत घालायला लागलो, कारण घरी आल्यावर नव्यानं आवळून घ्यायचा कंटाळा यायचा. मित्रांनी पहिला आठवडा ठोकून बघितली, दार वाजवल्यागत. नंतर कोण विचारतंय.

बारीकसारीक: आत बिनशिवणीचा, अंगाबरोबर बसणारा सुती बनियन, ब्रेसपेक्षा लांब. सुरकुती राहिली की तिथं फोड ठरलेला. ब्रेसखाली तेल, क्रीम, व्हॅसलीन काही लावायचं नाही, कातडी मऊ पडते आणि सोलते. काढल्यावर लाल वळ दिसतात, ते अर्ध्या तासात गेले तर ठीक. नाही गेले किंवा कातडी फाटली तर ब्रेसवाल्याला लगेच फोन. जेवण थोडं थोडं, दोनदा जास्त. पोटभर बिर्याणी खाऊन पट्टे आवळले की काय होतं ते मी सांगत नाही. चड्डी-पँट ब्रेसच्या वरून घालायची, नाहीतर बाथरूमला जाताना रडू येतं. बुटाच्या लेस बांधायचा नाद सोडा, चिकटपट्टीचे बूट घ्या. आणि एप्रिल-मेमध्ये दोन-तीन बनियन दिवसाला बदलावेच लागतात, आपल्याकडच्या घामाला इलाज नाही.

खेळ मात्र बंद करू नका. मी रविवारी ब्रेस काढून फुटबॉल खेळायचो. तिला सांगा, उसेन बोल्टला पण स्कोलिओसिस आहे, त्यानं स्वतः सांगितलंय.

» तालमीचा_नाद

बोल्टला? खरं काय?

» यंत्रमाग_९८

खरंच. पाठीचे आणि कमरेचे व्यायाम जन्मभर केले त्यानं, नाहीतर सारखा दुखापतीत.

» तालमीचा_नाद

मग व्यायामानंच हुतंय की! मी तर तेच म्हणत हुतो.

» मिरजेची_फिजिओ

:) दादा, त्याचा बाक गेला नाही, तो बाकासकट पळाला.

पण व्यायामाचा विषय निघालाच तर सविस्तर लिहिते, कारण यात गोंधळ फार. साधे सूर्यनमस्कार, पोहणं, बॅडमिंटन हे सगळं तब्येतीला उत्तम, करावं. त्यानं बाक कमी होतो असं मात्र दिसलेलं नाही. दिरांना सांगा, अंबाई टँकला जरूर घाला, पण ब्रेसच्या ऐवजी नाही.

स्कोलिओसिसचे खास व्यायाम वेगळे. सगळ्यात जुनी पद्धत श्रोथ. काटारिना श्रोथ ही जर्मन बाई, जन्म १८९४, तिला स्वतःला बाक होता आणि किशोरवयात लोखंडी ब्रेस घातलेली. तिनं आरशासमोर उभं राहून, पाठीची बसलेली बाजू श्वासानं फुगवायचा प्रयोग स्वतःवरच केला आणि १९२० च्या दशकात माइसेन गावी त्याचं केंद्र काढलं. पुढं मुलीनं ते काम चालवलं. इटलीत सीस म्हणून दुसरी पद्धत आहे, तीही चांगली.

प्रत्यक्षात कसं दिसतं ते सांगते. तुमच्या लेकीसारखा उजवा बाक असलेली मुलगी कुशीवर झोपते. कुठल्या कुशीवर, हे तिच्या एक्स-रेवरून ठरतं. कमरेखाली आणि खांद्याखाली तांदळाच्या छोट्या पिशव्या सारायच्या, उशी नव्हे, कारण तांदूळ दाबला की जागेवर बसतो. (आजऱ्याचा घनसाळ भरू नका, रेशनचा चालतो.) मग हात लांब करून कणा उंचीत ताणायचा, आणि डावीकडची बसलेली बरगडी नेमकी तिथंच फुगेल असा श्वास घ्यायचा. मी त्या जागी दोन बोटं ठेवते, तिनं माझी बोटं ढकलायची. पहिल्या दिवशी सगळ्या मुली पोट फुगवतात. जमायला वेळ लागतो, आणि जमल्यावर श्वास सोडताना पाठीचे स्नायू आवळून ती स्थिती धरायची. कंटाळवाणं आहे, खोटं कशाला बोलू.

पुरावा किती? कॅनडात ५० मुलांवर सहा महिन्यांचा अभ्यास २०१६ मध्ये आला. नेहमीच्या उपचारासोबत श्रोथ करणाऱ्यांचा बाक न करणाऱ्यांपेक्षा तीन-चार डिग्रीनं बरा राहिला. आता हेही लक्षात घ्या की कॉब अँगल मोजतानाच पाच डिग्रीपर्यंत इकडं-तिकडं होतं. म्हणून मी व्यायाम ब्रेसच्या जोडीला देते. बदली म्हणून देत नाही, २८ आणि रिसर ० ला तर नाहीच. त्याच कारणानं पुढच्या एक्स-रेत ३१ आलं तर लगेच रडू नका, आणि २५ आलं तर लगेच पेढेही वाटू नका.

» शाहूपुरीची_बँकवाली

मी बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं ते या धाग्यासाठी. वय ३६, बाक ४१ डिग्री, कॉलेजात असताना कळलं. तोवर वाढ संपलेली, त्यामुळे ब्रेसचा प्रश्नच आला नाही.

दोन बाळंतपणं नीट झाली. बँकेत दिवसभर बसून काम. दुखतं, पण अधूनमधून, आणि व्यायाम सुटला की जास्त. मला सगळ्यात जास्त फायदा झाला तो वजनं उचलून पाठ-पोट-मांड्या बळकट करण्याचा, शिकवणारा चांगला हवा. बाक ४१ चा ४१ आहे. मोठ्या माणसात ध्येय वेगळं असतं हे कुणी आधी नीट सांगितलं असतं तर बरं झालं असतं. दुखणं कमी, ताकद जास्त, आणि बाक सरकत नाही ना यावर काही वर्षांनी एक नजर, एवढंच.

मधे एका मोठ्या शहरातल्या 'विनाऑपरेशन कणा सरळ' अशी पाटी लावलेल्या ठिकाणी गेले होते. पॅकेज, आगाऊ पैसे. शेवटी ४१ चे ३३ झाले म्हणून एक्स-रे दाखवला. घरी आणून शेजारी ठेवला तर पहिला उभं राहून काढलेला आणि दुसरा टेबलावर झोपवून! झोपल्यावर कुणाचाही बाक कमीच दिसतो. एक्स-रेवर कोपऱ्यात 'उभ्याने' असं लिहिलेलं बघत चला, प्रत्येक वेळी.

आणि मुलीच्या आईला एक सांगते. दुखण्यापेक्षा लोकांनी जास्त त्रास दिला. "लग्नाचं कसं होणार" हे मला पाठीपेक्षा जास्त ऐकावं लागलं. बघायला आलेल्या एका काकूंनी तर चालून दाखव म्हटलं होतं. तिच्यासमोर हा विषय घरात कुणी काढू देऊ नका, सासूबाईंनीसुद्धा.

» आकडेमोड

@बँकवाली, तुमच्या अनुभवाला जोड म्हणून: अमेरिकेत आयोवाला उपचार न घेतलेल्या ११७ रुग्णांचा ५० वर्षांनंतर आढावा घेतला होता, २००३ मध्ये छापून आला. सततची पाठदुखी ६१ टक्क्यांना, बाक नसलेल्यांत ३५ टक्क्यांना. पण आयुर्मान, संसार, नोकरी यांत इतरांसारखेच. श्वासाचा त्रास मुख्यतः छातीचा बाक ८० च्या पुढं गेलेल्यांना. म्हणजे पाठ दुखते, पण जग बुडत नाही. मुलीच्या वडिलांना हे वाचायला द्या.

» गडहिंग्लजकर

धाग्याशी थोडं संबंधित. आई ६७ ची. गेल्या पाच-सहा वर्षांत एका बाजूला झुकत चाललीय, उंचीही कमी झाली. बाजाराला निघाली की शंभर पावलांत पाय भरून येतात, मग कट्ट्यावर बसते, बसलं की थांबतं. रिपोर्टमध्ये 'डीजनरेटिव्ह स्कोलिओसिस' लिहिलंय. तिलाही ब्रेस लागेल का?

» मिरजेची_फिजिओ

नाही दादा, हा वेगळा प्रकार. मुलांचा बाक वाढीत होतो, हा झिजेतून होतो. चकत्या आणि मागचे सांधे एका बाजूनं जास्त झिजले की कमरेचे मणके कलंडतात. चालल्यावर पाय भरणं आणि बसल्यावर किंवा पुढं वाकल्यावर थांबणं, म्हणजे बहुधा नसांची वाट अरुंद झालीय. कडक ब्रेसनं मणके आता सरळ होणार नाहीत, उलट स्नायू आळशी होतील. मऊ पट्टा प्रवासाला, कामाच्या वेळी तेवढ्यापुरता चालतो.

काय करायचं: हाडांची घनता तपासा, ठिसूळ असतील तर त्याची औषधं. पोट-पाठीचे व्यायाम, झेपेल तेवढं चालणं. नुसती काठी दुखऱ्या दिवशी पुरत नाही, हातगाडीसारखा चाकाचा वॉकर घेतला तर किंचित वाकून जास्त चालता येतं. (आया तयार होत नाहीत, माहितीय. भाजीची पिशवी ठेवायला म्हणून द्या.) एवढ्यानं भागलं नाही तर डॉक्टर मणक्यात इंजेक्शन सुचवतात, काही काळ आराम पडतो. पण पायाची ताकद कमी झाली, पाऊल लटकायला लागलं किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला तर त्याच दिवशी दवाखाना. थांबायचं नाही.

» पांढरा_रस्सा

चाकाचा वॉकर आमच्या आजीनं महाद्वार रोडला नेला आणि दुकानदारानं जत्रा बघितल्यागत बघितलं. पण चालते आता.

» संपादक_मंडळ

मधले मिसळीवरचे चार प्रतिसाद हलवले आहेत. धागा विषयावर राहू द्या.

» राजारामपुरीची_आई

अपडेट. ब्रेस आली. रंग तिनंच निवडला, जांभळा, वर फुलपाखरं. ब्रेस घालून काढलेल्या एक्स-रेत २८ चे १५ दिसले. साचावाल्या दादा, आत पोकळी आहे का ते मी आधी बघितलं, बनवणारे हसले.

हिशोब यंत्रमागच्या पद्धतीनं चालू आहे, डॉक्टरांनी तूर्त होकार दिलाय. पण १५ तास काही होत नाहीत. रात्री दोन-अडीचला उठून काढून टाकते, सकाळी ब्रेस पलंगाखाली. उजव्या बरगडीवर लाल वळ आहे, तासाभरानंही जात नाही. ओरडून उपयोग होत नाही, रडते. सासूबाईंनी काल मालीशवाल्याला परस्पर बोलावलं होतं, त्यालाच मी चहा पाजून परत पाठवला.

» साचा_आणि_पट्टा

तासाभरानं वळ जात नाही म्हणजे पॅड जास्त लागतंय, म्हणूनच रात्री काढतेय. ते हट्ट नाही, दुखणं आहे. फोटो काढून बनवणाऱ्याला आजच पाठवा आणि घेऊन जा, दहा-पंधरा मिनिटांचं काम असतं. घरी स्वतः कापू-घासू नका. तोवर पट्ट्यांवर जिथं घट्ट करता तिथं पेनानं खूण करा, रोज त्याच खुणेपर्यंत आवळायचं. नवीन ब्रेसला दोन-तीन आठवडे तास हळूहळू चढवत न्यायचे असतात, पहिल्याच रात्री पूर्ण झोप कुणालाच लागत नाही.

» मिरजेची_फिजिओ

आणि पुढचा एक्स-रे काढताना त्यांना सांगा, पाठीमागून किरण टाकून काढा. वाढत्या मुलीच्या छातीवर त्यानं कमी मारा होतो. दर महिन्याला काढायची गरज नाही. प्रत्येक एक्स-रेची फिल्म किंवा सीडी स्वतःजवळ ठेवा, नुसता रिपोर्टचा कागद नको. उंची मात्र दर महिन्याला भिंतीवर खूण करून लिहा. उंची झपाट्यानं वाढायला लागली की तास कमी करायची ती वेळ नव्हे, हे तिलाही दिसेल.

» यंत्रमाग_९८

मुलीला माझा निरोप द्या: ब्रेसवर वहीचे स्टिकर छान चिकटतात. माझ्या ब्रेसवर खंडोबा आणि पाटाकडील या कोल्हापूरच्या दोन फुटबॉल संघांचा एकेक होता, दोन्ही पेठांतले मित्र, भांडण नको म्हणून.

» तालमीचा_नाद

दोन्ही लावलेस? लई धाडस रं भावा.

» पन्हाळा_रोड

सगळा धागा वाचला. माझा मुलगा ४ वर्षांचा आहे, त्याचीही पाठ एकीकडं झुकलेली वाटते, आणि कमरेवर मधोमध केसांचा छोटा पुंजका आहे. हीच ब्रेस त्याला चालेल का, की मोठा होईपर्यंत थांबू?

» मिरजेची_फिजिओ

थांबू नका, आणि या धाग्यातलं काहीही त्याला लावू नका. चौथ्या वर्षीचा बाक आणि बाराव्या वर्षीचा बाक या दोन वेगळ्या गोष्टी. एखादा मणका जन्मतःच अर्धवट असू शकतो, किंवा आतल्या मज्जारज्जूत काही असू शकतं. केसांचा पुंजका त्याचीच खूण असू शकतो. या आठवड्यात लहान मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, ते बहुधा एमआरआय सांगतील. जाताना त्याचे पाय सारखे आहेत का, चालताना अडखळतो का, अंथरूण ओलं व्हायला नव्यानं लागलंय का, हे बघून लिहून न्या. नंतर वेगळा धागा काढा, मी येते तिथं.